मजुरी वाटप : बायका ८

जूनचं पगारपत्रक करायला बसले की टेबलावरच्या निम्म्या वह्यांची पानं कोरी राहतात. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी ताडपत्र्या पांघरून एकमेकींना खेटून उभ्या असतात. खलाशी मे संपता संपता गावी गेलेले असतात. बर्फाचा कारखाना एका पाळीवर येतो, टेम्पोवाले गाडीचं काम काढतात, जेट्टीवरची चहाची टपरी दुपारीच फळ्या लावते. आंब्याचं तोवर आटोपलेलं असतं. शेवटची पेटी वाशीला गेली की बागेतले गुरखेही सामान बांधतात. चिऱ्याच्या खाणीत पाणी भरतं, बांधकामाच्या परांच्या उतरतात.

आणि नेमक्या याच दिवसांत आसपासच्या गावांतल्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते, कारण भाताची लावणी सुरू असते. तरवा म्हणजे रोपं काढायची, मुठी बांधायच्या, चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं. त्या कामाचं पान माझ्याकडे नसतं. कुणाकडेच नसतं.

रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या एका जिन्यावर माझं छोटं ऑफिस आहे. काही दुकानं, चार-पाच बोटमालक, दोन काजू कारखाने, एक लॉज, एक खासगी रुग्णालय, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली काही लहान युनिटं, एवढ्यांचे हिशेब, पगार आणि फंडाची चलनं मी करते. १९९८ साली, म्हणजे कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली त्याच वर्षी, मी एका करसल्लागारांकडे कामाला लागले. मग स्वतःचं सुरू केलं. इतकी वर्षं इतक्या धंद्यांची पगारपत्रकं एकाच हाताखालून गेली की शहरात कोण किती घेतो हे कळत राहतं. ते मी कुठे बोलत नाही. माझ्या कामातली ती पहिली अट आहे.

पण लोकांना ठाऊक असतं की मला ठाऊक आहे. त्यामुळे बाजारात, लग्नात, देवळात कुणी ना कुणी आई बाजूला घेते. "ताई, आमच्या मुलाला इथेच कुठे चिकटवता येईल का? मुंबईला नको पाठवायला." आकडा मी सांगू शकत नाही, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते सांगते. गेली काही वर्षं मला वाटू लागलंय की ही दिशा नीट लिहून ठेवावी, कारण पगाराबद्दल जे आपण धरून चालतो ते माझ्या वह्यांत दिसत नाही.

आपण धरून चालतो की कष्ट जास्त तर मजुरी जास्त. नाहीतर, कौशल्य जास्त तर मजुरी जास्त. नाहीतर, धंदा तेजीत तर मजुरी जास्त. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर चौथंच काहीतरी दिसतं. ज्याला ते काम सोडून दुसरीकडे जाता येतं, त्याची मजुरी वाढते. ज्याला जाता येत नाही, त्याची तिथेच राहते. मग काम कितीही जिकिरीचं असो.

दुकानातल्या पोरांचं पाहा. कपड्याच्या, भांड्यांच्या, औषधाच्या दुकानांत पगार वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो, गणपतीला एक पगार बोनस, बस. रुग्णालयातल्या नर्सचा पगार मात्र मधल्या काळात भराभर वाढला, कारण प्रशिक्षित मुलगी दोन वर्षं अनुभव घेऊन पुण्या-मुंबईला निघून जाते हे डॉक्टरांना कळून चुकलं. लॉजमधल्या स्वयंपाक्याचंही तसंच. गणपतीपुळ्याच्या बाजूला राहण्याजेवणाच्या जागा वाढल्या, त्यामुळे चांगला हात असलेला माणूस डिसेंबर-मे मध्ये टिकवायला मालकाला चार पैसे जास्त मोजावे लागतात. त्याच लॉजमध्ये चादरी धुणारी, खोल्या झाडणारी बाई तीच आहे, त्याच पगारावर आहे. ती वाडीतली. तिला कुठे जायचंय?

औद्योगिक वसाहतीबद्दल मी फार लिहीत नाही. मोठ्या कारखान्यांतली कायम माणसं आणि ठेकेदाराकडची माणसं यांत काय अंतर असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकच सांगते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून लागतो आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, १० पासून. माझ्याकडे येणाऱ्या हजेरीपटांत १९ आणि ९ हे आकडे फार वेळा भेटतात. विसावा माणूस लागतो तेव्हा तो 'भावाच्या फर्मवर' चढतो. मी तोंडावर सांगते की हे बरोबर नाही. कधी ऐकतात, कधी वही दुसरीकडे नेतात. फंड कापला जाणं म्हणजे पगार कमी होणं असं खुद्द कामगारालाच वाटतं, तेव्हा तर माझी बाजू आणखी लंगडी पडते. मग पन्नाशीत गुडघे गेल्यावर तोच माणूस जिना चढून येतो आणि विचारतो, "माझं काही जमा आहे का हो?"

काजूबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

माझ्याकडच्या दोन काजू कारखान्यांपैकी एक पावसच्या रस्त्याला आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर बी वाळवायचं खळं, आत बॉयलर, पुढे कटरची रांग. कटर म्हणजे टेबलाला बसवलेली दोन पाती. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये बरोबर उभी धरायची, पायाने पट्टी दाबायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा. कवच दुभंगलं पाहिजे, गर दुभंगता कामा नये. शेजारची बाई अणकुचीदार सळीने गर काढून घेते. मग तो भट्टीत वाळतो, त्याची साल निघते, प्रतवारी होते. अख्खा, पाकळी, तुकडा, कणी. अख्ख्यातही पुन्हा आकार. 'डब्ल्यू ३२०' म्हणतात तो गर पौंडात ३०० ते ३२० बसतो, '२४०' त्याहून मोठा, '१८०' राजेशाही. निवडणाऱ्या बायका तो आकार बोटांच्या चिमटीत ओळखतात. काटा नाही, चाळणी नाही. मी एकदा त्यांनी वेगळे केलेले दोन ढीग मोजून पाहिले होते, चूक काढता आली नाही.

कवचातलं तेल कातडी भाजतं. हाताला राख किंवा खोबरेल चोळून बसतात, हातमोज्यांनी बी नीट धरली जात नाही म्हणून ते काढून ठेवतात. अंगठा आणि पहिली दोन बोटं काळी, तडकलेली. हळदीकुंकवाला वाण घेताना हात पदराखालून पुढे येतो. त्या हातांवरून कोण काजूवर जाते हे गावात कुणालाही सांगता येतं.

ही मजुरी किलोवर असते. तुकडा पडला की दर कमी. म्हणजे कौशल्य पुरेपूर, कष्ट पुरेपूर, धंदाही बरा चाललेला. आणि माझ्या सगळ्या वह्यांत सगळ्यांत संथ चढलेली रेघ याच बायकांची.

मालकाला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, त्याचा ताळेबंद मीच करते. आफ्रिकेतून येणाऱ्या बीच्या भावावर इथल्या बीचा भाव नाचतो, मोठे व्यापारी हंगामात माल उचलून ठेवतात, लहान कारखानदाराला बँकेचं कर्ज काढून चार महिन्यांत वर्षाची बी भरून ठेवावी लागते. त्याच्या हातात ज्या दोन-तीन गोष्टी असतात त्यांत मजुरीचा दर एक. आणि तो दर त्याने का वाढवावा? बायका येतातच आहेत.

आता याच्या उलट टोकाला बंदर.

मी काम सुरू केलं तेव्हा बोटींवरचे बरेच खलाशी इथलेच असत. मिऱ्या, राजिवडा, कर्ला, पार जयगडपर्यंतचे. धंदा वाट्यावर चाले. डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा, उरेल त्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा, जास्त, खलाशांचा एकेक. पुढे इथली मुलं शिकली, काही परदेशी जहाजांवर गेली, काही आखातात, काही मुंबईला. बोटीवर रात्र-रात्र काढायला कुणी तयार होईना. मग नेपाळहून माणसं येऊ लागली. ती वाट्याच्या भरवशावर येत नाहीत. त्यांना ठरलेला पगार लागतो, जेवण लागतं, हंगामाच्या सुरुवातीला उचल लागते, मासळी बरी मिळाली तर वर बक्षीस. कारण त्यांच्यापुढे दुसरे पर्याय आहेत. आंब्याची बाग आहे, पुण्यातली सोसायटी आहे, गोवा आहे. एखाद्या मालकाने पैसे थकवले तर माणूस रातोरात शेजारच्या बोटीवर. बोटमालक माझ्यासमोर डोकं धरून बसतात. आणि वहीत खलाशाचा आकडा दरवर्षी वर जातो.

मी हे लिहिते आहे ते खलाशांचं कमी व्हावं म्हणून नाही. समुद्रावरचं काम जीवावरचं आहे, मिळतं ते कमीच आहे. पण कटरवरच्या बाईची आणि खलाशाची रेघ एका कागदावर काढली की मन अस्वस्थ होतं.

आपल्याकडे हे आजचं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेरचे लोक हा आकडा ऐकून कोकणचं कौतुक करतात, इथे मुली नकोशा नाहीत म्हणून. तसं असेलही. पण त्या आकड्याचा मुख्य अर्थ असा की पुरुष इथे नाहीत. तीन-चार पिढ्या गिरणीत, गोदीत, कचेऱ्यांत गेल्या. चाकरमानी झाले. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर घर चालायचं. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा जवळजवळ ८२ हजारांनी कमी भरली, १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. देश वाढत असताना आम्ही आटलो.

मागे राहिलेल्या बाईला शेत, गुरं, म्हातारी माणसं, मुलांची शाळा. ती सकाळी घरचं आवरल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही आणि दिवेलागणीच्या आत तिला परतावं लागतं. चालत जाता येईल एवढ्याच अंतरात जे काम असेल ते तिचं काम. आणि ज्याच्याकडे ते काम आहे त्याला हे पक्कं माहीत. मुंबईने पुरुषांना दर दिला, इथल्या बायकांना मात्र पर्याय उरला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या वाडीत मनीऑर्डरी थांबल्या, पुरुष वळकट्या घेऊन परतले, आणि त्याच वर्षी मी माझ्या आईला पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात मजुरीने जाताना पाहिलं. गड्याची मजुरी वेगळी, बाईची वेगळी. आई जेवण बांधून नेई, म्हणजे चार आणे जास्त मिळत. ते चार आणे ती मोजून डब्यात टाकायची, तो आवाज मला अजून आठवतो.

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली आला. तो खऱ्या अर्थाने पाळला गेलेला मी एकाच ठिकाणी पाहिलाय, रोजगार हमीच्या कामावर. तिथे बाई आणि गडी यांचा दर एक. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये ठरला. या दराला आमच्याकडे गडी मिळत नाही, तो चिऱ्याच्या गाडीवर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली याहून बरंच जास्त कमावतो. बाई मात्र येते, आणि काम निघालं की आनंदाने येते, कारण शेजारच्या बागेत गवत काढायला तिला तेवढेही मिळत नाहीत.

मजुरी कशाने वाढते याचा धडा मला एका बसने दिला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्याने कामाला बायका हव्यात म्हणून गावोगाव गाडी फिरवायला सुरुवात केली. सकाळी आठला तिठ्यावर गाडी, संध्याकाळी सहाला परत तिठ्यावर. काम थंडीतलं, उभ्याने, पण पगार महिन्याचा, फंड कापलेला, हातात चिठ्ठी. काजू कारखान्यातल्या अकरापैकी तीन बायका पहिल्या महिन्यात गेल्या. दुसऱ्या महिन्यात आणखी एक. मालक माझ्याकडे आले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "किलोला तीन रुपये वाढवून लिहा या महिन्यापासून." त्याआधी सलग चार वर्षं बायकांनी दर वाढवून मागितला होता. बी महाग झाली, माल पडून आहे, पुढच्या हंगामाला बघू, अशी उत्तरं मिळाली होती. आणि तिठ्यावर एक गाडी थांबू लागली तर दोन महिन्यांत काम झालं. त्या गाडीत न बसलेल्या सात जणींचीही मजुरी वाढली.

२०२० च्या टाळेबंदीत ती गाडी बंद झाली. नंतर पुन्हा सुरू झाली नाही. दर खाली आला नाही, पण त्यानंतर कित्येक महिने तो जागचा हललाही नाही.

तेव्हापासून इथल्या विकासाच्या गप्पांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. आमच्या किनाऱ्यावर प्रकल्पांची भांडणं माझ्या तरुणपणापासून चालू आहेत. अंजनवेलचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी. दोन्ही बाजूंनी रोजगाराचा आकडा फेकला जातो. एक बाजू म्हणते इतके हजार मिळतील, दुसरी म्हणते इतक्यांचे जातील. दाभोळ खाडीच्या तोंडावर अंजनवेलला बांधकाम चालू होतं तेव्हा शेकडो हातांना काम होतं. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली. बांधकामाचे रोजगार आणि चालू कारखान्यातले रोजगार हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते एका आकड्यात मिसळले की फसवणूक होते. मला प्रकल्पवाल्यांना आणि विरोधकांना दोघांनाही तेच विचारायचं असतं. वर्षातले किती महिने काम? हजेरी कुणाच्या नावावर, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? आणि वाडीतल्या बाईला तिथे पोचवणारी गाडी असेल का?

जनगणनेच्या कागदावर कामगार दोन प्रकारचे असतात, मुख्य आणि सीमांतिक. वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलं की तुम्ही सीमांतिक. आमच्या शेजारच्या वहिनींचं वर्ष मी एकदा त्यांच्यासोबत बसून मांडलं. आषाढात लावणी, भाद्रपदात गणपतीचे दिवस, मग कापणी-झोडणी, दिवाळीनंतर नाचणी आणि भाजावळीचा, म्हणजे शेत भाजायचा, पालापाचोळा, माघापासून काजूच्या बिया वेचणं आणि कटर, चैत्र-वैशाखात आंब्याची प्रतवारी आणि पेट्या भरणं, मधे सुकी मासळी, कोकमं फोडून वाळवणं. बारा महिन्यांत रिकामा आठवडा सापडला नाही. पण प्रत्येक काम दोन-तीन महिन्यांचं, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि अर्ध्या कामाला मालकच नाही. गणनेला आलेल्या गुरुजींना त्यांच्या घरातल्यांनी सांगितलं, "ही घरीच असते."

वहिनी दारातच उभ्या होत्या, हातात कोकमाची पाटी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. काजू कारखान्याच्या खर्चाच्या पावत्या मी वर्षानुवर्षं लिहीत आले. बॉयलरवरच्या माणसाचं नाव, हमालाचं नाव, ड्रायव्हरचं नाव, प्रत्येकापुढे रक्कम, प्रत्येकाची सही. आणि खाली एक ओळ : 'मजुरी वाटप, बायका ८' आणि एकूण रक्कम. कधी ८, कधी ११, कधी ६. मालकांकडून चिठ्ठी तशी यायची आणि मी तशीच उतरवायचे. त्या बायका मला ओळखतात, त्यांच्या मुलींच्या लग्नांना मी गेलेय, आणि तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ही चूक मालकांची जेवढी, तेवढीच माझी आहे. आईचे चार आणे ज्या कुणाच्या वहीत लिहिले गेले असतील, तिथेही ते असेच लिहिले गेले असणार.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एक काकी जिना चढून आल्या. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, बँकेला कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा हवा होता. "ताई, मी बावीस वर्सां काजूवर हाय, तसा लिवून द्या." मी वह्या काढल्या. बावीस वर्षांच्या वह्यांत त्यांचं नाव एकदाही नव्हतं. त्या समोर बसून पान उलटण्याची वाट बघत होत्या, आणि मला काय सांगावं कळत नव्हतं.

कर्जाचं पुढे झालं, तलाठ्याच्या दाखल्यावर आणि पतीच्या नावावर. मी त्याच आठवड्यात मालकांकडे गेले. या महिन्यापासून मला एकेक नाव लागेल, नाहीतर वही दुसऱ्याकडे द्या, असं सांगितलं. त्यांनी फारशी खळखळ केली नाही. त्यांना नाव लिहिण्याचा खर्च नव्हता, फक्त आजवर कुणी मागितलं नव्हतं.

नावं घ्यायला मी स्वतः शेडमध्ये गेले. दोघींनी नवऱ्याचं नाव सांगितलं, मी म्हटलं तुमचं सांगा. एक म्हणाली, "माजा नाव कशाला लिवताव?" एकीने आधारकार्ड घरून आणायला मुलाला पिटाळलं, म्हणजे काना-मात्रा चुकायला नको. ज्या काकी कर्जासाठी आल्या होत्या त्यांनी नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी काळ्या अंगठ्याने ओळ दाबून धरली आणि सावकाश अक्षरं लावून वाचली. मग शेजारच्या रकान्यात सही केली. अंगठ्याचा तेलकट ठसा कागदावर राहिला तो राहिलाच.

या जूनमध्ये कारखाना बंद आहे, सगळ्या लावणीवर आहेत. पण मेच्या पानावर ९ ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीपुढे किलो वेगळे आहेत.